दहा खुणा, तीस बाइट

‘ज्ञानेश्वर’ हे नाव संगणकाच्या हिशेबात दहा खुणांचं आहे: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व आणि र. युनिकोडने यातल्या प्रत्येक खुणेला वेगळा क्रमांक दिला आहे. ‘ज’चा २३३२.

सी भाषेत हे नाव दोन तऱ्हांनी ठेवता येतं. वाइड कॅरेक्टरच्या स्ट्रिंगमध्ये प्रत्येक खुणेला सारख्याच मापाचं घर मिळतं, लिनक्सवर ४ बाइटचं आणि विंडोजवर २ बाइटचं. सातवी खूण हवी तर थेट सातव्या घरात हात घालायचा. मल्टिबाइट स्ट्रिंगमध्ये ज्याला जेवढे लागतील तेवढे बाइट. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या खुणेला तीन लागतात. ‘ज’चे तीन बाइट म्हणजे २२४, १६४, १५६. फायली आणि नेटवर्क बाइटच ओळखतात, म्हणून मजकूर बाहेर पाठवताना वाइडचं मल्टिबाइट करावं लागतं. त्यासाठी सी भाषेत ‘डब्ल्यूसीएस-टू-एमबीएस’ हे फंक्शन आहे.

त्याला तीन गोष्टी सांगायच्या: कुठे लिहायचं, काय लिहायचं आणि जास्तीत जास्त किती. या ‘किती’पाशीच मराठी नावांचा घात होतो. तो आकडा बाइटचा असतो आणि प्रोग्रामर खुणा मोजून देतो. दहा खुणा, शेवटच्या शून्याचा एक, झाले अकरा. अकरा बाइटमध्ये तीनच खुणा मावतात. ज, हलन्त, ञ. म्हणजे ज्ञानेश्वरचा नुसता ‘ज्ञ’ उरतो. शिवाय स्ट्रिंग संपल्याचं सांगणारं शून्यही लिहिलं जात नाही, त्यामुळे छापताना शेजारच्या मेमरीतला कचरा नावाला चिकटू शकतो. चाचणी रोमन लिपीतल्या नावांवर झाली असेल, तर यातलं काहीच दिसत नाही. तिथे खुणा आणि बाइट यांचा आकडा एकच येतो. म्हणून मला वाटतं, मराठी माणसं वापरणार असलेल्या प्रोग्रामची चाचणी मराठी नावांवर झालीच पाहिजे.

दुसरी चूक त्याहून आधीची. सी प्रोग्राम सुरू होतो तो ‘सी’ नावाच्या लोकेलमध्ये, म्हणजे भाषा-लिपीच्या नियमांच्या संचात, आणि त्याला देवनागरी ठाऊक नसते. सुरुवातीलाच ‘सेटलोकेल’ बोलावून यंत्रावरचं यूटीएफ-८ लोकेल लागू केलं नाही, तर फंक्शन उणे एक परत करतं. पण परत येणाऱ्या आकड्याच्या प्रकाराला चिन्हच नाही, त्यामुळे तो उणे एक प्रचंड मोठी संख्या होऊन येतो. ‘शून्यापेक्षा कमी आहे का’ असं तपासणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

जागेचा उपाय सोपा आहे. लिहिण्याच्या जागेऐवजी ‘नल’ देऊन फंक्शनला एकदा नुसतं विचारायचं. लिनक्स आणि विंडोज दोन्हीकडे ते लागणाऱ्या बाइटची संख्या सांगतं. आपल्या नावासाठी यूटीएफ-८ मध्ये उत्तर येतं ३०. त्यात शून्याचा एक मिळवून ३१ बाइट मागायचे आणि मग खरं रूपांतर करायचं. ‘सरसकट तिनाने गुणू’ हा आडाखा धोक्याचा आहे. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडी लिपी ६५,५३६ च्या पुढच्या क्रमांकांवर बसली आहे. तिच्या एका खुणेला चार बाइट लागतात.

रकाना ठरीव मापाचा असेल, तर मात्र कापाकापी टळत नाही. हे फंक्शन खुणेचे तुकडे करत नाही, एवढी काळजी ते घेतं. पण जोडाक्षर त्याला कळत नाही. २४ बाइटच्या रकान्यात ते ‘ज्ञानेश्’ लिहून थांबेल, हलन्त लटकता ठेवून. अक्षराची खरी सीमा शोधायला आयसीयू ही मुक्त लायब्ररी आहे. नाव आखूड करायचंच असेल तर तिच्या आधाराने करावं, आणि हातात असेल तिथे रकानाच रुंद करावा.