‘डॉट’च्या आधी काय?

इन्स्टावर राख्या, पणत्या, हॅण्डमेड ज्वेलरी विकणारी एक तरी मैत्रीण तुमच्या ग्रुपमध्ये असणारच. नाहीतर घरचं दुकान असलेला एखादा मित्र, ज्याला बाबा परवाच म्हणालेत, ‘एवढा मोबाइलमध्ये असतोस, मग आपल्या दुकानाची वेबसाइट काढ की!’ वेबसाइट होईल हो. डिझाइन बदलता येतं, फोटो बदलता येतात. पण वेबसाइटचा पत्ता एकदा पिशवीवर, बॉक्सवर आणि बिलबुकावर छापला की तो बदलणं महागात पडतं. म्हणून आधी डोमेन नेमचं बघा.

पहिला घोळ आपल्या भाषेचाच. समजा, दुकान आहे ‘ज्ञानदीप स्टेशनरी’. आता ‘ज्ञ’ इंग्रजीत कसा लिहिणार? मराठी माणूस ‘डीएनवाय’ने सुरुवात करेल, हिंदीवाला ‘जीवाय’ने. ‘वहिनी’ला व्ही की डब्ल्यू? ‘ळ’ची गंमत तर वेगळीच. ‘काळे मसाले’ इंग्रजी अक्षरांत लिहिलं, की वाचणाऱ्याला डाएटवाली ‘केल’ची भाजी आठवणार!

यावर सोपी टेस्ट आहे. पाच जणांना फोनवर नाव एकदाच सांगा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवायला लावा. दोघांनी जरी वेगळं स्पेलिंग पाठवलं, तरी नावाचा फेरविचार करा. किंवा परवडत असेल तर दोन्ही स्पेलिंग घेऊन टाका, एक पत्ता दुसऱ्याकडे वळवता येतो. हायफन टाळा, ‘मध्ये आडवी रेघ आहे’ असं किती गिऱ्हाइकांना सांगत बसाल? नियमाप्रमाणे डॉटच्या आधी ६३ अक्षरं चालतात, पण म्हणून ती सगळी वापरायची नसतात. आणि आज फक्त राख्या विकताय म्हणून नावात ‘राखी’ घालू नका. दिवाळीत आकाशकंदील विकायला घ्याल तेव्हा पंचाईत होईल.

डॉट कॉम की डॉट इन? गिऱ्हाईक इथलंच असेल तर डॉट इन उत्तम. त्याचा कारभार ‘निक्सी’, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया बघते. २०१४पासून देवनागरीत ‘डॉट भारत’सुद्धा मिळतं. स्पेलिंगची कटकटच नको! फक्त गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड हवा आणि देवनागरी ईमेल पत्ता सगळ्याच अ‍ॅपना चालत नाही. म्हणून ते जोडीला ठेवा, एकट्याच्या भरवशावर राहू नका.

नाव रिकामं दिसलं म्हणजे ते बिनधास्त घ्यावं, असंही नाही. ‘याहू’च्या नावाला ‘इंडिया’ जोडून घेतलेला पत्ता वापरायला दिल्ली उच्च न्यायालयाने १९९९मध्ये मनाई केली होती. पुढे २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की ट्रेडमार्कसारखंच संरक्षण डोमेन नेमलाही मिळू शकतं. त्यामुळे सरकारच्या ट्रेडमार्क साइटवर आधी नाव शोधून बघा. फुकट आहे.

आता नोंदणी. ती रजिस्ट्रार कंपन्यांकडे होते, एका वेळी १ ते १० वर्षांसाठी. ‘पहिलं वर्ष फक्त एवढ्यात’ अशी जाहिरात दिसली की थांबा आणि दुसऱ्या वर्षाचा दर बघा. खरी किंमत ती.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोंदणी कुणाच्या नावावर? वेबसाइट करून देणारा ओळखीतला दादा म्हणतो, ‘मी माझ्याच अकाउंटवरून घेतो, टेन्शन नको.’ टेन्शन तिथेच सुरू होतं. कागदोपत्री ज्याचं नाव, पत्ता त्याचा. उद्या दादाने फोन उचलला नाही, तर दुकान बाबांचं आणि पाटी दुसऱ्याची, अशी गत. अकाउंट, पासवर्ड, नोंदणी सगळं दुकानमालकाच्या नावे हवं. ईमेल कॉलेजचा देऊ नका, डिग्री झाली की तो बंद पडू शकतो. आणि त्या ईमेलवर पडताळणीची लिंक आली तर लगेच क्लिक करा. डॉट कॉमसाठी १५ दिवसांत पडताळणी झाली नाही, तर पत्ता बंद केला जाऊ शकतो.

राहिलं नूतनीकरण. ‘आपण नाही विसरणार’ असं वाटतंय? १९९९च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्ट आपल्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलचं लॉगइन अडलं. शेवटी एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले! तुमचे पैसे असं कुणी भरेल याची खात्री नाही. तेव्हा ऑटो-रिन्यू चालू ठेवा, तारीख मोबाइलमध्ये टाका आणि घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवा, दुधाच्या हिशेबाशेजारी. तिथे रोज कुणाची तरी नजर जातेच.