साडी द्यायची राहिली

दारव्ह्याचं आमचं टॉकीज गेल्या महिन्यात पाडलं. तिथं आता दुकानांचे गाळे होणार. मलब्यात वाकलेल्या लोखंडी खुर्च्या दिसल्या आणि आत्या आठवली.

तिच्या वाट्याला आलेलं प्रेम आणि घराची अब्रू यांचं भांडण मराठी पडद्यावर जुनंच आहे. १९३९च्या ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई गणपत वेश्यावस्तीतल्या मैनाला जीव लावतो, १९७२च्या ‘पिंजरा’त गुरुजी तमाशातल्या बाईपायी सगळं गमावतात. दूर इजिप्तमध्येही तेच. १९५९च्या ‘दुआ अल-करवान’मध्ये अब्रूसाठी मामाच भाचीचा जीव घेतो. पण हे मी फार उशिरा पाहिलं. मी जगलो ते नव्वदीचं दशक.

विजय कोंडकेंचा ‘माहेरची साडी’ १९९१चा. आमच्याकडे तो लागला तेव्हा शकुंतला आगगाडी अजून कोळशावर धावत होती. खेड्यापाड्यांतून बायका बैलगाड्या जुंपून आल्या. अलका कुबलची लक्ष्मी सोसत राहिली आणि टॉकीजभर हुंदके उठले. शहरातल्या जाणत्यांनी त्याला रडका सिनेमा म्हणून हिणवलं. त्याचा राग मला आजही आहे. त्या बायकांना घरात रडायचीही सोय नव्हती, हे या जाणत्यांना कधी दिसलंच नाही.

त्या गर्दीत आत्या होती. तिनं परजातीत लग्न केलं होतं, म्हणून आमच्या घराचं दार तिला बंद होतं. मध्यंतरात आई उठली आणि पदरातले फुटाणे मुकाट्यानं तिच्या ओंजळीत टाकून आली. सिनेमा सुटल्यावर आत्या आईला एवढंच म्हणाली, “वहिनी, तिच्या भावानं साडी तरी आणली वो.”

आत्याचा भाऊ म्हणजे माझे वडील. त्यांनी शेवटपर्यंत साडी नेली नाही. आत्या गेली तेव्हाही नाही.

पुढची वीसेक वर्षं केबलवरच्या मालिकांत गेली, त्यांतलं काही आठवत नाही. २०१६ला ‘सैराट’ आला. आर्ची-परश्याला संपवायला माहेरच आलं, तेही भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन. पंचवीस वर्षांत आमचं काय बदललं, हे त्या पिशव्यांनी सांगितलं. आता तर पोरी मोबाईलवर एकट्याच सिनेमा पाहतात, एकट्याच डोळे पुसतात. शेजारच्या खुर्चीत फुटाणे घेऊन येणारं कुणी नाही.

घराण्याचं कर्तव्य आपण कायम लेकीकडूनच वसूल केलं. घर तिचं काय देणं लागतं, ते कुणी मोजलं नाही. ज्यांच्या घरी साडी द्यायची राहिली असेल, त्यांनी ती या दिवाळीला नेऊन द्यावी.