आराशीचा लाडू आणि नैवेद्याचा लाडू

भाद्रपद उजाडला की घरोघरी ज्येष्ठा गौरींच्या स्वागताची लगबग सुरू होते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असा हा माहेरवाशिणीचा तीन दिवसांचा मुक्काम. कोठे मुखवटे, कोठे खडे, कोठे तेरड्याची रोपे. प्रत्येक कुळाची रीत निराळी. गौरीपुढील आरास मात्र सर्वत्र हौसेची. या आराशीत खऱ्या फराळाच्या शेजारी लाकडी आंबे, मातीचे मोदक, कागदी लगद्याचे लाडूही आता मांडलेले दिसतात. ‘बुवा, देवापुढे हे खोटे खाद्यपदार्थ ठेवणे शास्त्राला धरून आहे काय?’ असा प्रश्न कीर्तनानंतर अनेक माता-भगिनी विचारतात. त्याचे उत्तर आज सणाच्या निमित्ताने द्यावयाचे आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, ही कला हलकी नव्हे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीची चितारआळी लाकडी फळांसाठी प्रसिद्ध आहे. पांगाऱ्याचे हलके लाकूड कोरून, घासून, रंगवून तेथील कारागीर केळी, आंबे, काजूची बोंडे, सीताफळे अशी घडवितात की, पाहणाऱ्याचा हात आपोआप पुढे व्हावा. भाद्रपदात झाडावर आंबा नसतो. पण चितारआळीतील आंबा बाराही महिने पिकलेला!

घरीही हे काम साधते. रद्दी कागद दोन दिवस भिजवून वाटावा, त्यात मेथीची पूड आणि गव्हाच्या पिठाची खळ घालून लगदा मळावा, आकार देऊन सावलीत पूर्ण वाळवावा आणि मग रंग द्यावा. रंगविताना खरे फळ समोर ठेवावे. खऱ्या केळ्यावर तपकिरी ठिपके असतात, सीताफळाच्या खवल्यांमधील फटी फिक्या असतात, आंब्याचा रंग देठापासून टोकापर्यंत एकसारखा नसतो. निर्दोष रंगविलेले फळ खोटे दिसते. निसर्गाचे डाग उतरले की ते खरे वाटू लागते. बेसनाच्या लाडवाचा रवाळपणा लाकडाच्या बारीक भुशाने येतो.

आता शास्त्राकडे वळू. विहित द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी दुसरे घ्यावे, याला मीमांसाशास्त्रात ‘प्रतिनिधी’ म्हणतात. जैमिनींच्या सूत्रांत, सहाव्या अध्यायात, याचा विचार आला आहे. व्रीही म्हणजे साळीचे तांदूळ नसतील तर नीवार, म्हणजे देवभात चालतो. सोमवल्ली न मिळाल्यास पूतीक नावाची वनस्पती सांगितली आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धान्याच्या जागी धान्यच आले, वनस्पतीच्या जागी वनस्पतीच आली. धान्याच्या जागी धान्याचे चित्र चालते, असे कोणी म्हटले नाही. मानसपूजेत सुवर्णपात्रातील पायस केवळ मनानेच अर्पण करतात हे खरे. पण तेथे उपासक ‘हे मनाने कल्पिले’ असे उघड म्हणतो. तेथे फसवणूक नसते.

म्हणून उत्तर सरळ आहे. आरास ही डोळ्यांसाठी, नैवेद्य हा अर्पणासाठी. आराशीत कृत्रिम फळ शोभते. नैवेद्याच्या ताटात ते बसत नाही. ऐपत नसेल तर गुळाचा खडा ठेवावा. तो लहान असला तरी खरा असतो.

हे उत्तर मी पूर्वीही देत असे आणि एवढ्यावरच थांबत असे. काही वर्षांपूर्वी एका यजमानांच्या घरी गौरीपूजनाच्या दिवशी जे घडले, त्याने मला पुढचे शिकविले.

घरात धुणी-भांडी करणाऱ्या बाईंची पाच-सहा वर्षांची मुलगी आराशीपुढे उभी होती. लाडवांची परात पाहता पाहता तिने एक उचलला आणि दातांखाली धरला. तो लगद्याचा होता. रंग ओठांना लागला, सभोवती हसू फुटले आणि पोर रडू लागली. घरातील वृद्ध काकू तत्क्षणी स्वयंपाकघरात गेल्या आणि खरा लाडू घेऊन आल्या. मी बोलून गेलो, “काकू, अजून नैवेद्य व्हायचा आहे.”

त्या म्हणाल्या, “बुवा, खोटा लाडू इथे मी मांडला. त्यात लेकराचं काय चुकलं?” आणि लाडू त्यांनी तिच्या हाती दिला.

त्या सायंकाळी माझ्या कीर्तनाचे आख्यान उपमन्यूचे होते. महाभारताच्या अनुशासनपर्वात ती कथा आहे. उपमन्यूने एकदा दूध चाखले होते. घरी येऊन त्याने आईजवळ दूध मागितले. दारिद्र्यामुळे तिने पाण्यात पीठ कालवून दिले. बाळाने ओळखले, हे दूध नव्हे. तेव्हा आईने सत्य सांगून त्याला शंकराची भक्ती करावयास सांगितले, आणि प्रसन्न झालेल्या शंकराने त्याला क्षीरसागर दिला. आदिपर्वात याच्या उलट कथा आहे. अश्वत्थाम्याला इतर मुलांनी पीठ कालवलेले पाणी दूध म्हणून पाजले आणि तो ‘मी दूध प्यालो’ म्हणून आनंदाने नाचला. ते पाहून द्रोणाचार्यांचे अंतःकरण विदीर्ण झाले आणि ते द्रुपदाच्या दारी गेले. तेथील अपमानातून जे वैर वाढले, ते थेट कुरुक्षेत्रापर्यंत पोहोचले.

दोन्ही घरी पिठाचेच पाणी होते. एके ठिकाणी आईने निरुपायाने दिले आणि विचारताच खरे सांगितले; दुसरीकडे सवंगड्यांनी थट्टा केली. त्या दुपारी मी सोवळ्या-ओवळ्याचा विचार करीत होतो, आणि काकूंनी उपमन्यूच्या आईप्रमाणे आपली चूक स्वीकारली होती. आख्यान सांगताना माझा कंठ दोनदा दाटला. श्रोत्यांना तो भक्तिरस वाटला. ती लाज होती.

तेव्हा गृहिणींनो, आरास अवश्य करा. भातुकलीत मुलेही मातीचे लाडू वळतात. पण तेथे सर्वांनाच ठाऊक असते की हा खोटा-खोटा खाऊ. संक्रांतीला बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने घालतो. तेथे दागिना खोटा, परंतु साखर खरी. तेवढेच भान येथेही असावे. कृत्रिम फळे मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा वरच्या पायरीवर मांडावीत आणि ती खोटी आहेत हे आलेल्या मुलांना हसून सांगावे. खालच्या पायरीवर, लहान हात पोहोचेल अशा उंचीवर, खऱ्या लाडवांची एक वाटी ठेवावी. देवीचे ताट आधीच निराळे वाढून ठेवले, म्हणजे त्या वाटीतील लाडू मुलाला देताना नैवेद्याचा प्रश्नच उरत नाही.

त्या घरी अजूनही दरवर्षी गौरी येतात. काकू आता नाहीत. परंतु खालच्या पायरीवरची ती वाटी त्यांच्या सुना विसरत नाहीत, आणि आरतीपूर्वीच ती दोनदा भरावी लागते.