वाफसा आणि बैलाचा खूर

आमच्या आखाडा बाळापूरच्या शिवारात पाऊस उघडला की पहिला प्रश्न असतो : वाफसा आला का? आबा मूठभर काळी माती उचलून दाबून पाहत. गोळा फुटला तर रान तयार. चिकटून राहिला तर औत जागचे हलायचे नाही.

एका ऑक्टोबरात आम्ही पोरे थांबलो नाही. परतीचा पाऊस पुन्हा गाठील या धास्तीने सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली ओल्या रानातून काढली. पुढच्या वर्षी तिथे हळद लावली. चाकोऱ्यांच्या जागी पाणी तुंबले आणि काढणीला हळकुंडे निघाली ती आखूड, चपटी. "बैलगाडी असती तर रान असं बसलं नसतं," आबा म्हणाले.

मी शाळेतले सूत्र काढले. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. ४०० किलोचा बैल चालताना कधी दोनच खुरांवर असतो. एक खूर साधारण ८० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो भार झाला. ट्रॅक्टरच्या मागच्या रुंद टायरखाली तो जेमतेम एक किलो! म्हणजे बैलच जास्त दाबतो. मी मोठ्या ऐटीत हे सांगितले.

"मग हळद का बसली?" आबांनी विचारले.

उत्तर मला फार उशिरा कळले. माझा हिशेब खरा होता, पण तो वरच्या थराचाच. मातीत खाली जाताना भार पसरत जातो. खुराचा ठसा लहान, त्यामुळे त्याचा जोर वीतभर खोलीत बराचसा विरतो आणि पुढच्या पाळीत ती माती मोकळी होते. चाकाचा भार मात्र खोल उतरतो. तिथे टायरच्या रुंदीपेक्षा चाकावरचे एकूण वजन महत्त्वाचे ठरते. आमच्या ट्रॉलीत तर दोन्ही दोष होते : वजन टनावारी आणि टायर अरुंद, हवेने टणक फुगलेले. त्यात ओल. ओल्या मातीचे कण सहज सरकतात, मधली हवेची जागा मिटते आणि मुळांना वाट उरत नाही. आबांची मूठ नेमके हेच तपासत होती. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्याने थोडी दुरुस्ती होते. पण नांगराच्या तासाखालचा घट्ट थर एका उन्हाळ्यात सुटत नाही.

आता ट्रॉली बांधाच्या कडेने, एकाच चाकोरीतून, अर्धी भरून काढतो. खेपा दुप्पट होतात, डिझेलही जास्त लागते. शेजारी हसतात.