गाडी आपली, पत्रा शेजाऱ्याचा
विमा समजून घेताना : भाग ६

मागच्या भागात आपण विमापत्राच्या पहिल्या पानावरचे रकाने कसे वाचायचे ते पाहिलं. त्या रकान्यांचा खरा उपयोग कधी होतो, ते या आठवड्यात पाहू. प्रसंग गावाकडे नेहमी घडणारा आहे. गाडी दारात उभी असते, वारा सुटतो आणि शेजारच्या गोठ्याचा पत्रा उडून बॉनेटवर येतो. नाहीतर त्यांची जुनी भिंत ढासळते, किंवा बांधावरच्या आंब्याची फांदी टपावर पडते. चूक आपली नाही आणि गाडी चालूही नव्हती. मग पैसे कोण देणार?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि घाट ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरलं. मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या पश्चिम पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले, झाडं उन्मळून पडली. इतकं मोठं वादळ दरवर्षी येत नाही, पण वळवाचा पाऊस दरवर्षी येतो. पुणे-सातारा महामार्गावर खेड शिवापूर सोडल्यावर लागणाऱ्या शिवरे गावाचा विचार करा. अशा गावात जुनी मातीची भिंत, नवा स्लॅब, पत्र्याची शेड आणि हॉटेलची पाटी एकमेकांना लागून उभी असतात. घराघरात चारचाकी आली, पण तिला वेगळी जागा कुठून आणायची? ती शेजाऱ्याच्या भिंतीच्या आडोशाला किंवा झाडाच्या सावलीतच लागते. शेजारी पुष्कळदा भावकीतलाच असतो. म्हणून या प्रश्नाला पैशाइतकीच नात्याचीही बाजू आहे.

आधी आपलीच विमा कंपनी

बहुतेक जण पहिल्यांदा शेजाऱ्याच्या दारात जातात. भांडण तिथेच सुरू होतं. खरं तर पहिला फोन आपल्या विमा कंपनीला करायचा असतो. गाडीचा पूर्ण विमा असेल, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण त्यात असेल, तर वादळ, पूर, गारपीट, वीज, दरड आणि बाहेरून अपघाताने बसलेला मार हे सगळं त्यात येतं. पत्रा कुणाचा होता, भिंत कुणाची होती, यावर आपली भरपाई अवलंबून नसते. शेजाऱ्याची चूक सिद्ध होण्याची वाट कंपनीने पाहायची नसते.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मात्र हे दार बंद आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा तेवढाच. तो आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर उपयोगी पडतो, आपल्या गाडीच्या पत्र्याला त्यातून एक रुपयाही मिळत नाही. जुन्या गाडीला ‘आता कशाला पूर्ण विमा’ म्हणून तो बंद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सरकारी मदतीवरही विसंबू नये. नैसर्गिक आपत्तीनंतर तलाठी पंचनामे करतात ते घर, पीक आणि जनावरांचे. खासगी मोटारीसाठी त्या मदतीत तरतूद नाही.

पहिल्या दिवसाची कामं

गाडीवरचा पत्रा किंवा फांदी हलवण्याआधी फोटो काढा. एक फोटो लांबून, ज्यात गाडी, पडलेली वस्तू आणि ती जिथून आली ती जागा, तिन्ही दिसतील. मग जवळून गाडीचा नंबर आणि प्रत्येक पोचा. फांदी पडली असेल तर तिचा मोडलेला बुंधाही टिपा. लाकूड आतून पोखरलेलं होतं की ताजं, हे पुढे महत्त्वाचं ठरतं. त्यानंतर विमापत्रावरच्या क्रमांकावर कळवून दाव्याचा नंबर लिहून घ्या. कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने गाडी पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात लावू देऊ नका. नुकसान मोठं असेल किंवा शेजारी हात झटकत असेल तर आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात (शिवऱ्याला ते राजगड पोलीस ठाणे) लेखी अर्ज देऊन पोच घ्या. ग्रामपंचायतीलाही एक प्रत द्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ‘चालवताना घासली असं लिहा, लवकर मंजूर होईल’ असा सल्ला कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नका. गाडी उभी होती आणि पत्रा येऊन पडला, हेच दावा मंजूर व्हायला पुरेसं आहे. खोटं लिहिलं तर खरा दावाही नाकारायला कंपनीला कारण मिळतं.

विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार, सर्व्हेअर नेमायचा असेल तर कळवल्यापासून २४ तासांत नेमला पाहिजे, त्याचा अहवाल १५ दिवसांत आला पाहिजे आणि अहवाल मिळाल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायला हवा. या मुदती आपल्याला माहीत आहेत, एवढं कंपनीला कळलं तरी काम हलतं.

बिल किती, हातात किती

भरपाई पूर्ण बिलाची मिळत नाही. भाग जुने झाले म्हणून घसारा कापला जातो. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर तो ५० टक्के, काचेवर काहीच नाही आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. ५ ते १० वर्षांच्या गाडीला तो ४० टक्के असतो. रंगकामाच्या बिलातला एक चतुर्थांश भाग मालाचा धरून त्याच्या निम्मे कापतात. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट, त्यावरच्या मोटारीला २,००० रुपयांची.

समजा, ७ वर्षांच्या छोट्या मोटारीवर पत्रा पडला. बॉनेट १२,०००, बंपर ६,०००, पुढची काच ८,०००, मजुरी ५,००० आणि रंग १२,०००, असं कराशिवाय ४३,००० रुपयांचं बिल झालं. बॉनेटचे ४,८००, बंपरचे ३,००० आणि रंगाचे १,५०० कापले जातील, वर १,००० ची वजावट. हातात येतील ३२,७०० आणि खिशातून जातील १०,३००. शून्य घसाऱ्याचं जादा संरक्षण घेतलेलं असतं तर यातला बराच भाग वाचला असता.

दुसरा खर्च लगेच दिसत नाही. दावा केला की नो क्लेम बोनस जातो. हप्त्यातली ही सवलत विनादाव्याच्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के असते. सवलतीआधी स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १०,००० रुपये असेल, तर ५० टक्के सवलतवाल्याला ५,००० च भरावे लागतात. दाव्यानंतरच्या वर्षी त्याला पूर्ण १०,००० भरावे लागतील, पुढे अनुक्रमे ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५००. मूळ हप्ता तोच राहिला असं धरलं, तर पाच वर्षांत १२,५०० रुपये जास्त गेले. म्हणून पाच-दहा हजारांच्या पोच्यासाठी दावा करणं सहसा परवडत नाही. अशा वेळी शेजाऱ्याशी बसून निम्मा-निम्मा खर्च उचलणं दोघांच्याही हिताचं.

शेजारी केव्हा जबाबदार?

पत्रा त्याचा होता म्हणजे पैसे त्याने द्यायचे, असं कायदा म्हणत नाही. त्याने घ्यायला हवी होती ती काळजी घेतली नाही, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहिले की फरक समजतो.

दिल्लीच्या चांदनी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं दगावली. बांधकाम सुमारे ८० वर्षांचं होतं, तर त्यातल्या चुन्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचंच होतं. रस्त्यालगतची वास्तू सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, दोष वरून दिसत नव्हता हा बचाव चालणार नाही, असं सांगून न्यायालयाने १९६६ मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं. राजकोटमध्ये रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक पादचारी गेला. त्या खटल्यात १९९७ मध्ये न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं नाही. झाड अचानक पडलं होतं आणि ते पडेल याची आधी कल्पना असल्याचं दिसत नव्हतं.

हेच आपल्या गावाला लावून पाहा. गंजलेल्या खिळ्यांवर वर्षानुवर्षं फडफडणारा पत्रा किंवा फुगलेली भिंत असेल तर मालकाला बचाव करणं अवघड जातं. निरोगी झाड निसर्गसारख्या वादळात उन्मळलं, तर ती दैवी आपत्ती ठरण्याचा संभव मोठा. म्हणून सगळ्यात वजनदार पुरावा घटनेच्या आधीचा असतो, तो म्हणजे आपण दिलेली लेखी सूचना. ती भांडखोर भाषेत लिहायचं कारण नाही. ‘अण्णा, गोठ्याचे दोन पत्रे सैल झालेत. खाली आमची गाडी आणि पोरं असतात. पावसाआधी बसवून घ्या, मी मदतीला येतो,’ एवढा व्हॉट्सअॅपचा निरोप पुरे. सोबत फोटो जोडा आणि निरोप जपून ठेवा. धोक्याचं झाड असेल तर शेजाऱ्याला एक अडचण खरोखरच असते. ग्रामीण भागात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तो अर्ज करायला आपण त्याच्यासोबत जावं.

शेजाऱ्याकडे काय मागायचं आणि काय लिहून द्यायचं नाही

कंपनीने भरपाई दिल्यावर, दोषी माणसाकडून ती रक्कम वसूल करण्याचा हक्क कंपनीकडे येतो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात हे तत्त्व सविस्तर मांडलं आहे. याचे दोन अर्थ निघतात. एकाच नुकसानीचे पैसे कंपनीकडून आणि शेजाऱ्याकडून असे दोनदा घेता येत नाहीत. आणि कंपनीला न विचारता शेजाऱ्याला ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून देऊ नये. तसं लिहून दिलं तर कंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो आणि आपला दावा अडचणीत येतो.

जे कंपनीने दिलंच नाही, ते मात्र दोषी शेजाऱ्याकडे मागता येतं. वरच्या उदाहरणात ते १०,३०० रुपये आणि बुडालेली सवलत. ४३,००० च्या बिलावरून वाद घालण्यापेक्षा ‘अण्णा, कंपनीने एवढे दिले, माझे एवढे गेले, यातलं तुम्ही काय उचलता?’ हा हिशेब पुढे ठेवला तर शेजाऱ्यालाही तो पटण्याची शक्यता जास्त. त्याच्याकडे गृहविमा असेल तर त्यात सार्वजनिक दायित्वाचं संरक्षण आहे का, तेही विचारा. साधा गृहविमा त्याच्याच घराचा आणि सामानाचा असतो, पण हे जादा कलम असेल तर त्याच्या खिशाला झळ न बसता प्रश्न सुटू शकतो.

बोलून सुटलं नाही तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून दावा दाखल होण्याआधीच लोकअदालतीत तडजोड करता येते. तिथे फी लागत नाही. शेवटचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. तिथे जंगम वस्तूच्या नुकसानीसाठी मुदत ३ वर्षांची आहे.

तक्रार आपल्या विमा कंपनीविरुद्ध असेल तर रस्ता वेगळा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात जायचं. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तिथे फी नाही, वकील नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

आता करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. विमापत्र काढून पूर्ण विमा आहे की नुसता थर्ड पार्टी, ते बघा. गाडी लावता त्या जागेच्या वर आणि बाजूला काय आहे, ते बघा. आणि सैल काही दिसलं तर शेजाऱ्याला लेखी कळवा. त्या निरोपामुळे पत्रा वेळेत बसला, तर दावाही नको आणि वादही नको.

पुढच्या भागात : शेजाऱ्याचा ट्रॅक्टर किंवा टेम्पो आपल्या उभ्या गाडीला धडकला तर? तिथे त्याचा थर्ड पार्टी विमा आपल्या कामी येतो. तो कसा मागायचा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज कसा करायचा, ते पाहू.