थट्टेने निवडला, मानाने खेळला

वर्गात मॉनिटर निवडायची वेळ आली की एक प्रसंग हमखास घडतो. मागच्या बाकावरून हळूच एक नाव पुढे येते. ते नाव हुशार मुलाचे नसते, की सर्वांच्या लाडक्या मुलाचेही नसते. ज्याच्या बोलण्याला किंवा अंगकाठीला सारा वर्ग हसतो, त्याचेच ते नाव असते. भराभर हात वर होतात, खसखस पिकते आणि तो मुलगा उभा राहतो. आपला मान झाला की अपमान, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही.

असाच प्रसंग 2016 साली अमेरिकेत घडला. फरक एवढाच, की तिथला वर्ग म्हणजे लाखो क्रीडाशौकीन होते आणि तो मुलगा म्हणजे 33 वर्षांचा, 6 फूट 8 इंच उंचीचा, सुमारे 118 किलो वजनाचा एक धिप्पाड हॉकीपटू होता. त्याचे नाव जॉन स्कॉट.

हॉकी म्हटले की आपल्याला मेजर ध्यानचंद आठवतात, मैदान आठवते. ही हॉकी मात्र बर्फावरची. आपल्या बेटावर बर्फ म्हणजे उन्हाळ्यात मुले चोखतात तो ग्लासों रापे! पण कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील भागात मुले पायांत पाते लावलेले बूट घालून बर्फावर धावायला शिकतात. चेंडूऐवजी कडक रबराची चपटी, गोल चकती असते. ती वाकड्या काठीने ढकलत जाळ्यात घालायची. दोन्ही बाजूंना गोलरक्षकासह सहा-सहा खेळाडू. वेग एवढा, की आपल्यासारख्या नवख्या माणसाला चकती कुठे गेली हेसुद्धा दिसत नाही.

या खेळाची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे ‘नॅशनल हॉकी लीग’. 2016 साली तीत अमेरिका आणि कॅनडा या दोन देशांतील 30 संघ होते. या खेळात धक्काबुक्की चालतेच, आणि दोन खेळाडूंनी हातमोजे फेकून गुद्दागुद्दी केली तरी त्यांना लगेच हाकलून देत नाहीत. साधारण पाच मिनिटे बाजूच्या कठड्याआड बसवून ठेवतात. म्हणून पूर्वीपासून संघ आपल्याकडे एखादा दांडगा गडी बाळगत आले. गोल करणे हे त्याचे काम नव्हे. आपल्या नाजूक, गुणी खेळाडूला कोणी मुद्दाम पाडले तर जाब विचारायचा, हे त्याचे काम. त्याला तिकडे ‘एन्फोर्सर’ म्हणतात. आपण राखणदार म्हणू.

जॉन स्कॉट हा असा राखणदार होता. त्याचे बालपण कॅनडातील सेंट कॅथरिन्स गावात गेले. पुढे त्याने अमेरिकेतील मिशिगन टेक विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी घेतली. दरवर्षी संघ होतकरू तरुणांची निवड करतात; त्यात त्याला कोणी निवडले नाही. खालच्या स्पर्धांत खेळत खेळत तो वर आला. मिनेसोटा, शिकागो, न्यूयॉर्क, बफेलो, सॅन होजे असे करत अखेर तो ॲरिझोनाच्या संघात पोहोचला. मुख्य लीगमधील त्याच्या साऱ्या कारकिर्दीचा हिशोब पाहा: 286 सामने, फक्त 5 गोल, आणि शिक्षा म्हणून बाहेर बसलेली मिनिटे 544.

तो काही साधुसंत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 2013 साली बोस्टनच्या लुई एरिक्सन या खेळाडूच्या डोक्याला त्याने जोराची धडक दिली. एरिक्सनच्या मेंदूला मार बसला आणि स्कॉटवर सात सामन्यांची बंदी आली.

बहुतेक वर्षी हंगामाच्या मध्यावर या लीगमध्ये निवडक नामवंतांचा एक सामना होत आला आहे. त्याला ‘ऑल-स्टार’ सामना म्हणतात. त्यातील काही खेळाडू प्रेक्षकांच्या मतांनी निवडण्याची पद्धत आहे. प्रेक्षकांच्या हाती मत आले की गमती होणारच. 2007 साली व्हँकूव्हरचा रोरी फिट्झपॅट्रिक हा अगदी सामान्य बचावपटू. पण त्याच्यासाठी लोकांनी मोहीम काढली आणि त्याला साडेपाच लाखांवर मते मिळाली. थोडक्यात त्याची जागा हुकली. 2015 साली बफेलो संघाचा झेमगस गिर्गेनसन्स सर्व खेळाडूंत पहिला आला. तो लॅटव्हियाचा. जेमतेम वीस लाख वस्तीचा तो देश. पण आपल्या मुलासाठी त्या लोकांनी मतांचा पाऊस पाडला आणि आकडा 15 लाखांच्या वर गेला. यात थट्टा नव्हती, कौतुक होते. छोट्या देशातले लोक आपल्या माणसासाठी असे एक होतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

स्कॉटच्या बाबतीत मात्र सुरुवात निव्वळ टवाळीने झाली. त्या वर्षी सामन्याची रीत बदलली होती. लीगच्या चार विभागांचे चार छोटे संघ, बर्फावर एका वेळी गोलरक्षक सोडून तीनच गडी, आणि जिंकणाऱ्या संघाला दहा लाख डॉलर. चारही कर्णधार लोकांनी निवडायचे होते. तीन गडी म्हणजे मोकळे मैदान आणि वाऱ्यासारखा वेग. अशा खेळात सर्वांत अवजड गड्याला धाडले तर काय मजा येईल, असे कुणीतरी थट्टेने बोलले आणि ती थट्टा वणव्यासारखी पसरली.

स्कॉटला हे कळत नव्हते असे नाही. आपल्याऐवजी आपल्या संघातील लायक सोबत्यांना मते द्या, अशी विनंती त्याने स्वतः केली. लोकांनी ऐकले नाही. जानेवारी 2016 मध्ये निकाल लागला, तेव्हा पॅसिफिक विभागाचा कर्णधार जॉन स्कॉट होता. त्या हंगामात तोवर तो अवघे 11 सामने खेळला होता आणि त्याच्या नावावर एकही गोल नव्हता. दुसऱ्या विभागांचे निवडलेले कर्णधार होते यारोमीर यागर, ॲलेक्स ओव्हेचकिन आणि पॅट्रिक केन. राजहंसांच्या मेळ्यात हत्ती यावा, तसे ते दृश्य!

आता लीगच्या मोठ्या मंडळींची पंचाईत झाली. त्यांचेही म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. नामवंतांच्या सामन्याला काही प्रतिष्ठा असते, आणि एकाला थट्टेने जागा दिली की दुसऱ्या एखाद्या गुणी खेळाडूची जागा जाते. पण त्यांनी जो मार्ग धरला तो बरा नव्हता. स्कॉटने पुढे लिहिले त्याप्रमाणे, त्याने आपण होऊन माघार घ्यावी असे त्याला सुचवण्यात आले. एवढ्यावर न थांबता लीगमधील एकाने त्याला विचारले, की तू या सामन्यात खेळलास तर तुझ्या मुलींना त्याचा अभिमान वाटेल का?

त्या वेळी स्कॉटला दोन लहान मुली होत्या आणि त्याच्या पत्नीच्या पोटात जुळी वाढत होती. तोवर त्याचे मन डळमळत होते. या प्रश्नाने मात्र ते घट्ट झाले. लोक हसले तर हसोत. पण माझ्या मुलींना माझा अभिमान वाटावा की न वाटावा, हे ठरवणारे तुम्ही कोण? 28 जानेवारीला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखाचा हाच मथितार्थ होता. आपण सर्वोत्तम खेळाडूंपैकी नाही, हे त्याने त्यात मोकळेपणाने मान्य केले. पण इथवर आपण कष्टाने आलो आहोत, आणि खेळण्याचा हक्क लोकांनी आपल्याला दिला आहे, एवढेच त्याचे म्हणणे होते.

त्याआधी 15 जानेवारीला आणखी एक घाव बसला होता. ॲरिझोनाने एका अदलाबदलीत त्याला माँट्रियल संघाकडे दिले, आणि माँट्रियलने त्याला लगेच खालच्या स्पर्धेतील सेंट जॉन्स या आपल्या दुय्यम संघात धाडले. सेंट जॉन्स हे न्यूफाउंडलंड बेटावरचे शहर, कॅनडाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला. कुठे ॲरिझोनाचे वाळवंट आणि कुठे ते थंडगार बेट! सामन्यातून त्याचा काटा काढण्यासाठीच हे केले, असे पुष्कळांना वाटले. तसे कोणी कबूल केले नाही. आता तो पॅसिफिक विभागातही राहिला नव्हता आणि मुख्य लीगमध्येही नव्हता.

आणि इथेच नवल घडले. काल जे लोक त्याला हसत होते, तेच आज त्याची बाजू घेऊन भांडू लागले. मोठ्या घरचा दरवाजा एका कष्टकऱ्याच्या तोंडावर लावला जात आहे, हे पाहून थट्टा विरून गेली आणि तिच्या जागी माया आली. अखेर लीगने जाहीर केले, की स्कॉट पॅसिफिक विभागाचा कर्णधार म्हणूनच खेळेल.

31 जानेवारी 2016, रविवार. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहर. मध्य विभागाविरुद्धच्या सामन्यात पहिल्याच मिनिटाला चकती स्कॉटच्या काठीपाशी आली आणि त्याने ती जाळ्यात घातली. पुढे तो एकटाच चकती घेऊन गोलरक्षकावर चालून गेला आणि दुसरा गोल केला. साऱ्या कारकिर्दीत 5 गोल करणाऱ्याने एका संध्याकाळी दोन केले! मध्येच त्याने पॅट्रिक केनशी लुटुपुटूची मारामारीही करून दाखवली. स्वतःवर हसण्याची हिंमत त्याच्यात होती. पॅसिफिकने तो सामना 9-6 असा आणि अंतिम सामना 1-0 असा जिंकला. दहा लाख डॉलर अकरा खेळाडूंत वाटले गेले.

सर्वोत्तम खेळाडूही लोकांनीच निवडायचा होता. त्यासाठी दिलेल्या तीन नावांत स्कॉटचे नाव नव्हते. लोकांनी ती यादी बाजूला ठेवून त्याचेच नाव लिहून कळवले, प्रेक्षागृहात त्याच्या नावाचा गजर झाला, आणि त्याला तो मान व एक मोटारगाडी मिळाली. सोबत्यांनी त्या अवाढव्य माणसाला खांद्यावर उचलून घेतले. त्याचे शिरस्त्राण टोरांटो येथील हॉकीच्या कीर्तिमंदिराने मागून घेतले.

काही दिवसांतच जुळ्या मुली जन्मल्या आणि स्कॉट चार मुलींचा बाप झाला. एप्रिलमध्ये माँट्रियलने त्याला मुख्य संघातून एकच सामना खेळू दिला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. लीगनेही धडा घेतला. खालच्या स्पर्धेत गेलेल्या खेळाडूला ऑल-स्टार सामन्यात येता येऊ नये, असा नियम पुढच्या हंगामापासून झाला. म्हणजे दुसरा जॉन स्कॉट होण्याची वाट बंद झाली.

वाचकहो, हसणारे लोक तसे दुष्ट नव्हते. दुरून पाहताना त्यांना माणूस दिसत नव्हता, एवढेच. तो दिसला आणि त्यांचे मन फिरले. अधिक खोल जखम केली ती प्रतिष्ठेच्या नावाखाली विचारलेल्या त्या एका प्रश्नाने. म्हणून वर्गात थट्टेने मॉनिटर निवडला गेला, तर शिक्षकाने निवडणूक रद्द करून त्या मुलाला खाली बसवू नये. तसे केले तर मुलांची थट्टा खरी ठरते. त्याच्या हाती खडू द्यावा, फळ्यापाशी उभे करावे आणि आठवडाभर वाट पाहावी. काम अंगावर पडले की पुष्कळदा माणूस आपोआप उंच होतो.