रजोनिवृत्ती : शरीर एक, अनुभव अनेक

पाळीच्या दिवसांत देवळाची पायरी न चढण्याचा रिवाज महाराष्ट्रातील अनेक घरांतल्या स्त्रिया आजही पाळतात; पाळी कायमची गेली की मात्र विटाळाचे हे बंधन आपोआप सुटते. सलग बारा महिने पाळी आली नाही, तर त्या अवस्थेला वैद्यकशास्त्र रजोनिवृत्ती म्हणते, आणि भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी 46 ते 47 व्या वर्षी येते. बीजकोशांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरत अवयवांना संदेश देणारे रसायन, या काळात घटते. त्यामुळे मेंदूतील तापमान राखणारे केंद्र हळवे होते आणि शरीर जरासे तापले तरी चेहऱ्यावर, मानेवर वाफ आल्यासारखे होऊन दरदरून घाम सुटतो.

असे असूनही हा घाम सर्वत्र सारखा सुटत नाही. मार्शा फ्लिंट या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांनी उत्तर भारतातील 483 राजपूत स्त्रियांचा अभ्यास 1975 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्यात तक्रारी फारच थोड्या आढळल्या, आणि पाळी गेल्यावर पडद्याबाहेर येऊन पुरुषमंडळींत मोकळेपणी बसण्याची मुभा मिळते, हे त्यामागचे एक कारण फ्लिंट यांनी मांडले. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट लॉक यांच्या 1993 च्या ग्रंथातील जपानी स्त्रिया अंगातून निघणाऱ्या वाफांपेक्षा खांदे आखडल्याचे अधिक सांगत होत्या.

तथापि तक्रार ऐकू आली नाही म्हणून त्रास नव्हता, असे मानणे घातक आहे, कारण आपल्याकडे बाईमाणसाने दुखणे अंगावर काढायचे असते आणि सांधेदुखी, थकवा, झोपमोड हे सारे वयाच्या व कष्टांच्या खाती जमा होते. याचे सर्वांत क्लेशदायक रूप बीड जिल्ह्यात दिसले. तेथून ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ धरतात, कामावर खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि फडात ना आडोसा असतो ना पाणी. अशा स्थितीत पाळी हीच अडचण ठरते आणि अंगावरून जाण्याची किंवा पोटदुखीची साधी तक्रारही ‘पिशवी काढण्या’पर्यंत पोहोचते. 2019 मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एकाएकी थांबते, हाडांची झीज वेळेआधी सुरू होते, आणि तरीही उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढण्याचे काम त्या स्त्रीला पुढच्या हंगामातही सुटत नाही.